फिल्टरची ऑर्डर किती घ्यायची? आधी अंतर मोजा, मग आकडा ठरवा

सर्किटमधे नको त्या फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर लावायचा म्हटलं की बहुतेक जण कटऑफ, म्हणजे दाब जिथून सुरू होतो ती फ्रिक्वेन्सी, ठरवतात आणि पुढे नेटवर जे सर्किट सापडेल ते उचलतात. ते दुसऱ्या ऑर्डरचं निघालं तर दुसरी, चौथीचं निघालं तर चौथी. ऑर्डर नक्की किती हवी हा प्रश्न मधल्यामधे राहूनच जातो. खरं तर पार्ट किती लागणार, ऑप-अँप (ॲम्प्लिफायरची आयसी) कुठला लागणार, सिग्नलचा आकार किती बिघडणार, हे सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून असतं. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला हे शिकवतात, पण तिथे ट्रान्सफर फंक्शन सोडवण्यातच तास संपतो आणि हा निर्णय कसा घ्यायचा ते सांगायचं राहून जातं. म्हणून आज फक्त तेवढंच बघू.

ऑर्डर म्हणजे ढोबळमानाने सर्किटमधे एनर्जी साठवणारे, एकमेकांपासून स्वतंत्र असे पार्ट किती, म्हणजे कपॅसिटर आणि कॉइल मिळून किती. एक रेझिस्टर एक कपॅसिटर, पहिली ऑर्डर. दोन कपॅसिटर पॅरलल जोडले तर ते एकच धरायचे, आणि सप्लायवरचे बायपास कपॅसिटर यात मोजायचे नाहीत. प्रत्येक ऑर्डर उताराला डेकेडमागे २० डीबी (डेसिबल) देते, म्हणजे लो-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा) असेल तर कटऑफच्या बराच वर गेल्यावर फ्रिक्वेन्सी १० पट झाली की पहिल्या ऑर्डरमधे व्होल्टेज दहावा हिस्सा उरतं, दुसरीत शंभरावा, तिसरीत हजारावा.

पण हा उतार लांब गेल्यावरचा आहे, कटऑफच्या जवळचा नाही. बटरवर्थ, म्हणजे कटऑफच्या आतला भाग सपाट ठेवणारा फिल्टर, घेतला तर ऑर्डर दोन असो की आठ, कटऑफवर सगळे ३ डीबीच खाली असतात. कटऑफच्या दीडपट फ्रिक्वेन्सीला दुसरी ऑर्डर जेमतेम ८ डीबी दाबते, चौथी १४ आणि आठवी २८. म्हणजे नको असलेला सिग्नल हव्या असलेल्याला चिकटून बसला असेल तर आठ ऑर्डर लावूनही तो पंचविसावा हिस्सा उरतोच. आणि तोच सिग्नल ५० पट लांब असेल तर दुसरी ऑर्डरच त्याला अडीच हजारावा हिस्सा करून टाकते. तेव्हा पहिला प्रश्न ऑर्डरचा नसून अंतराचा आहे: हवं ते कुठे संपतं, नको ते कुठे सुरू होतं आणि नको ते किती दाबायचंय.

एक जवळचं उदाहरण घेऊ. आर्डुइनो उनोच्या ९ नंबरच्या पिनवरून पीडब्ल्यूएम (सतत चालू-बंद होणारे पल्स) काढायचं आणि त्यातून डीसी व्होल्टेज बनवायचं. ही पीडब्ल्यूएम साधारण ४९० हर्ट्झची असते, ० ते ५ व्होल्ट, ८ बिट, म्हणजे एक पायरी साधारण १९.५ मिलिव्होल्टची. रिपल, म्हणजे आउटपुटमधे उरलेली खालीवर होणारी लहर, त्या एका पायरीपेक्षा कमी हवा, नाहीतर ८ बिटला काही अर्थ उरत नाही. १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावून बघा, कटऑफ येतो १६ हर्ट्झच्या आसपास आणि ५० टक्के ड्यूटीला (पल्स अर्धा वेळ चालू) रिपल येतो साधारण २५० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे तेरा पायऱ्या.

इथे बहुतेक जण करतात काय, तर कपॅसिटर वाढवतात. १ मायक्रोच्या जागी २२ मायक्रो लावला की रिपल १२ मिलिव्होल्टवर येतो, मल्टिमीटरवर आकडा स्थिर दिसतो, झालं काम असं वाटतं. पण आता ड्यूटी बदलली की आउटपुट नव्या व्होल्टेजला पोचून अर्ध्या पायरीच्या आत स्थिर व्हायला जवळपास १.४ सेकंद लागतात! एलईडीचा ब्राइटनेस बदलायचा असेल तर चालेल कदाचित, मोटरला रेफरन्स द्यायचा असेल तर नाहीच चालणार.

त्याऐवजी १० किलोओहम आणि १ मायक्रो तसंच ठेवा आणि त्यापुढे १०० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडची दुसरी पायरी, म्हणजे फिल्टरचा दुसरा टप्पा, जोडा. रिपल येतो ७ मिलिव्होल्टच्या आसपास, आणि स्थिर व्हायला लागतात साधारण ०.१ सेकंद. एक रेझिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर वाढवला आणि रिपलही कमी झाला, वेगही चौदापट वाढला. पहिल्या ऑर्डरवरून दुसरीवर जाताना मिळतो तो हा फायदा, आणि तो पुढच्या कुठल्याच पायरीला इतका स्वस्तात मिळत नाही. तिसरी ऑर्डर लावून वेळ अजून थोडा कमी करता येईल, पण १.४ सेकंदावरून ०.१ वर आलो तशी उडी परत दिसणार नाही. (आउटपुटला आता ११० किलोओहम आहेत, त्यामुळे पुढे एमसीपी६००२ सारखा अगदी कमी इनपुट करंट घेणारा ऑप-अँप बफर म्हणून लावा, नाहीतर पुढचं सर्किट व्होल्टेज खाली ओढेल.)

आता दुसरी पायरी १० किलोओहमची न घेता १०० ची का घेतली, तर इथे पॅसिव्ह आरसीची (नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या फिल्टरची) मोठी मर्यादा येते. पुढची पायरी मागच्या पायरीवर लोड टाकते. दोन्हीकडे सारखेच १० किलोओहम आणि सारखाच कपॅसिटर घेतला असता, तर ज्या फ्रिक्वेन्सीला एकटी पायरी ३ डीबी खाली असते तिथे दोन मिळून ६ नव्हे तर साडेनऊ डीबी खाली जातात, आणि ३ डीबीचा पॉइंट सरकून मूळ कटऑफच्या ०.३७ पटीवर येतो. १००० हर्ट्झचा फिल्टर बनवायला गेलो आणि ३७४ चा झाला, असा प्रकार! दुसऱ्या पायरीचा इंपीडन्स दहापट ठेवला की हा लोड बराच कमी होतो, पण दर पायरीला दहापट करत गेलो तर तिसऱ्या पायरीपर्यंत मेगाओहममधे पोचतो, आणि तिथे नॉइज, लीकेज आणि हात लावला तरी हलणारं रीडिंग, सगळंच सुरू होतं.

आणि लोड पूर्ण घालवला, मधे बफर टाकला, तरी एक गोष्ट सुटत नाही. नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरने क्यू ०.५ च्या वर जातच नाही. क्यू म्हणजे कटऑफजवळ फिल्टर किती ताठ राहतो त्याचं माप, दुसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थला तो ०.७०७ लागतो. आरसीच्या कितीही पायऱ्या लावा, लांबचा उतार वाढत जाईल पण कटऑफपाशी कोपरा गोलगोलच राहील, आणि दर पायरीला हवा असलेला सिग्नलही आधीपासूनच दबायला लागेल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पॅसिव्ह आरसी दोन पायऱ्यांपर्यंत ठीक, आणि तेही नको असलेली फ्रिक्वेन्सी दहा-वीस पट लांब असेल तरच. त्यापुढे जायचं असेल तर एलसी (कॉइल आणि कपॅसिटर) घ्या नाहीतर ॲक्टिव्हकडे (ऑप-अँपच्या फिल्टरकडे) वळा.

एलसीमधे कॉइल आली की क्यू हवा तेवढा मिळतो, सप्लाय लागत नाही आणि मोठा करंटही जातो, म्हणून रेडिओ फ्रिक्वेन्सीला, पॉवर सप्लायच्या इनपुटला आणि स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधे (बारीक आणि जाड आवाज वेगवेगळ्या स्पीकरला वाटणाऱ्या सर्किटमधे) एलसीच दिसतो. पण ऑडिओ फ्रिक्वेन्सीला सिग्नल सर्किटमधे कॉइल फार मोठी होते. १ किलोहर्ट्झला १० किलोओहमचा इंपीडन्स हवा असेल तर १.६ हेन्रीची कॉइल लागते, ती ट्रान्सफॉर्मरएवढी जड होते आणि ५० हर्ट्झची घरघर स्वतःच पकडून घेते.

क्रॉसओव्हरमधे इंपीडन्स ८ ओहम असतो म्हणून तिथे जमतं. २.५ किलोहर्ट्झला पहिली ऑर्डर म्हणजे ट्वीटरला (बारीक आवाजाच्या स्पीकरला) सिरीजमधे ८ मायक्रोफॅरड आणि वूफरला (जाड आवाजाच्या) ०.५ मिलिहेन्री, बस. पण ट्वीटरचा रेझोनन्स समजा १ किलोहर्ट्झला आहे, तर पहिली ऑर्डर तिथे फक्त साडेआठ डीबी दाबते आणि आवाज वाढवला की ट्वीटर ओरडायला लागतो. दुसरी ऑर्डर बटरवर्थ तिथे १६ डीबी दाबते, त्याला ५.६ मायक्रोफॅरड आणि ०.७२ मिलिहेन्री लागतात, पण दोन स्पीकरमधे १८० डिग्रीचा फेज फरक येतो आणि म्हणून एकाच्या वायरी उलट जोडाव्या लागतात. लिंकविट्झ आणि रायली या दोघांनी १९७६ मधे जी चौथ्या ऑर्डरची रचना मांडली, जिच्यात बटरवर्थच्या दोन दुसऱ्या ऑर्डर एकामागे एक लावलेल्या असतात, ती तिथेच ३२ डीबी देते आणि दोन्ही स्पीकर क्रॉसओव्हरवर एकाच फेजमधे राहतात. पॅसिव्हमधे चौथी करायची तर चार पार्ट एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, कॉइलच्या तांब्याचा रेझिस्टन्स वेगळा आणि स्पीकर काही सगळ्या फ्रिक्वेन्सीला ८ ओहम नसतो हे वेगळं. त्यामुळे चौथी ऑर्डर हवी असेल तर ॲम्प्लिफायरच्या आधी ऑप-अँपवर ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर करून दोन ॲम्प्लिफायर वापरणं बऱ्याचदा सोपं पडतं.

आता ॲक्टिव्ह. एका ऑप-अँपवर दोन रेझिस्टर दोन कपॅसिटर लावून दुसरी ऑर्डर मिळते, सॅलन आणि की यांनी १९५५ मधे मांडलेली रचना आजही सगळीकडे तीच वापरतात. दोन्ही रेझिस्टर सारखे आणि गेन एक ठेवला तर दोन कपॅसिटरचं गुणोत्तर चार गुणिले क्यूचा वर्ग एवढं यावं लागतं. बटरवर्थला क्यू ०.७०७, म्हणजे गुणोत्तर २. रेझिस्टर १० किलोओहम, कपॅसिटर २२ नॅनो आणि ११ नॅनो घेतले तर साधारण १ किलोहर्ट्झ येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ११ नॅनो मागत फिरायची गरज नाही, १० चा लावा, कटऑफ १०७० होईल आणि क्यू ०.७४, कुणाला कळणारही नाही. दुसऱ्या ऑर्डरची हीच गंमत आहे, ती चुका पोटात घालते.

वर गेलात की ती माफी मिळत नाही. चौथ्या ऑर्डरच्या बटरवर्थसाठी दोन पायऱ्या लागतात, त्यांचे क्यू ०.५४ आणि १.३१. दोन सारख्याच ०.७०७ च्या पायऱ्या लावल्या तर तो चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ होत नाही, कटऑफवर ६ डीबी पडतो. (वरचा लिंकविट्झ-रायली नेमका हाच, क्रॉसओव्हरला ते मुद्दाम हवं असतं, बाकी ठिकाणी नको असतं.) आठव्या ऑर्डरला चार पायऱ्या आणि शेवटच्या पायरीचा क्यू २.५६. म्हणजे कपॅसिटरचं गुणोत्तर २६! शिवाय ही पायरी कटऑफजवळ सिग्नल अडीचपट मोठा करते, बाकीच्या पायऱ्या तो तिथे दाबत असतात म्हणून एकूण सपाट दिसतं. इतक्या नाजूक हिशोबात एखादा कपॅसिटर १० टक्के चुकीचा निघाला की सपाट भागात टेकाड उभं राहतं. तिथे १ टक्क्याचे रेझिस्टर आणि सी०जी (सिरॅमिकचा स्थिर प्रकार) किंवा फिल्म कपॅसिटरच पाहिजेत, एक्स७आर हा सिरॅमिकचा प्रकार नको, कारण त्याची कपॅसिटन्स त्याच्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे बदलते. आणि कमी क्यूची पायरी आधी, जास्त क्यूची शेवटी, नाहीतर कटऑफजवळचा मोठा सिग्नल पहिल्याच ऑप-अँपला क्लिप करतो.

ऑप-अँपचा वेगही इथे आडवा येतो. ढोबळ नियम असा की गेन-बँडविड्थ (ऑप-अँपच्या वेगाचं माप) किमान कटऑफ गुणिले क्यू गुणिले १०० एवढी हवी. २० किलोहर्ट्झला साधी दुसरी ऑर्डर करायची तर १.४ मेगाहर्ट्झ लागतात, एलएम३५८ सुमारे १ मेगाहर्ट्झचा, म्हणजे थोडा कमीच पडतो. आठवी ऑर्डर करायची तर शेवटच्या पायरीला ५ मेगाहर्ट्झ लागतात, टीएल०७२ चे ३ पुरत नाहीत, एनई५५३२ चे १० पुरतात. आणि सॅलन-की मधे अजून एक भानगड आहे, खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला ऑप-अँपचा दम संपतो आणि सिग्नल फीडबॅकच्या कपॅसिटरमधून थेट आउटपुटला जाऊन बसतो. म्हणजे कागदावर जिथे १०० डीबी दाबायला हवं तिथे प्रत्यक्षात दाब कमी होत जातो. स्विचिंग सप्लायचा मेगाहर्ट्झमधला कचरा काढायचा असेल तर ऑर्डर वाढवू नका, शेवटी एक साधी आरसी लावा किंवा मल्टिपल फीडबॅकची रचना घ्या.

आकडा काढायची रीत आता एका एडीसीवर (व्होल्टेजचे डिजिटल आकडे करणाऱ्या चिपवर) करून बघू, कारण ऑर्डरचा प्रश्न सगळ्यात जास्त तिथेच येतो. सेन्सरचा सिग्नल १ किलोहर्ट्झपर्यंत आहे, १२ बिटचा एडीसी आहे, सॅम्पलिंग सेकंदाला १०,०००. १२ बिटचा आदर्श सिग्नल-टू-नॉइज ७४ डीबी, म्हणजे अगदी वाईट परिस्थिती धरली, नको असलेला सिग्नल हव्या असलेल्याएवढाच मोठा आहे असं समजलं, तर तो ७४ डीबी दाबायला हवा. कुठे दाबायचा? पुष्कळ जण ५ किलोहर्ट्झ म्हणतात, कारण सॅम्पलिंगच्या निम्म्यावरचं सगळं दुमडून खालच्या फ्रिक्वेन्सीवर दिसतं, पण ५ ते ९ मधलं जे काही दुमडून येतं ते १ किलोहर्ट्झच्या वरच पडतं आणि ते नंतर सॉफ्टवेअरमधे काढता येतं. आपल्या भागात घुसतं ते ९ किलोहर्ट्झपासून पुढचं. म्हणजे गुणोत्तर ९, एका ऑर्डरला १९ डीबी मिळतात, ७४ भागिले १९ म्हणजे ३.९, तेव्हा चौथी ऑर्डर. तीही काठावर पास, कारण १ किलोहर्ट्झला ३ डीबीचा दाब नको म्हणून कटऑफ १.२ ला नेला की ७० च डीबी उरतात आणि पाचवी लागते.

आता ऑर्डर वाढवायच्या आधी सॅम्पलिंग वाढवून बघा. सेकंदाला १,००,००० केलं तर नको असलेलं ९९ किलोहर्ट्झपासून सुरू होतं, एका ऑर्डरला जवळपास ४० डीबी, दुसरी ऑर्डर पुरते आणि कटऑफ १.२ ला नेला तरी ७६ डीबी शिल्लक. एका ऑप-अँपवर काम भागलं, पुढची छाननी कोडमधे करायची. आजकालच्या मायक्रोकंट्रोलरला सेकंदाला लाखभर सॅम्पल काहीच जड नाहीत, तर अचूक कपॅसिटर शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

सीडी प्लेअरमधे हेच झालं होतं. ऑडिओ २० किलोहर्ट्झपर्यंत, सॅम्पलिंग ४४.१, म्हणजे नको असलेली प्रतिमा (सॅम्पलिंगमुळे वर उमटणारी सिग्नलची नक्कल) २४.१ पासून सुरू. गुणोत्तर फक्त १.२, एका बटरवर्थ ऑर्डरला १.६ डीबी, १६ बिटला साजेसे ९६ डीबी हवेत तर साठाच्या घरातली ऑर्डर लागेल! ती कोणी बांधत नाही, म्हणून सुरुवातीच्या काही प्लेअरमधे फार उभ्या उताराचे किचकट ॲनालॉग फिल्टर होते. फिलिप्सने मात्र सुरुवातीपासूनच डिजिटलमधे चारपट ओव्हरसॅम्पलिंग करून सॅम्पलिंग १७६.४ किलोहर्ट्झला नेलं. प्रतिमा १५६ च्या वर गेली, एका ऑर्डरला जवळपास १८ डीबी मिळायला लागले आणि डीएसीच्या (आकड्यांचं व्होल्टेज करणाऱ्या चिपच्या) पुढे लहानसा ॲनालॉग फिल्टर पुरला.

अंतर वाढवताच येत नसेल, तर कमी ऑर्डरमधे उभा उतार चेबिशेव किंवा एलिप्टिक प्रकारचे फिल्टर देतात, पण पासबँडमधे (जाऊ द्यायच्या भागात) लहरी येतात आणि कटऑफजवळ फेज फार वाकडा होतो. तुमचा सिग्नल साइन वेव्हसारखा असेल, फक्त ॲम्प्लिट्यूड मोजायचा असेल, तर हरकत नाही. पण पल्स असेल, ईसीजी असेल, लोडसेलवर अचानक पडणारं वजन असेल, तर आकार महत्त्वाचा. बटरवर्थच्या दुसऱ्या ऑर्डरला स्टेप दिली की आउटपुट ४ टक्के वर उडी मारतं, चौथीला ११ टक्के, आठवीला १६. आणि मग खालीवर हलत राहतं. बघणाऱ्याला वाटतं सेन्सरच हलतोय, हलत फिल्टर असतो. अशा ठिकाणी बेसेल प्रकारचा फिल्टर घ्या, चौथ्या ऑर्डरलाही उडी १ टक्क्याच्या आत राहते, फक्त कटऑफजवळचा दाब कमी मिळतो, म्हणून अंतर आधीच मोठं ठेवावं लागतं.

ऑर्डरच्या हिशोबात ३.१ आलं तर सरळ चौथीवर जाऊ नका. ७४ डीबीचा आकडा खरंच लागतो का ते बघा, नको असलेला सिग्नल मुळातच वीस डीबी लहान असेल तर लागणारी ऑर्डर तिथेच कमी होते, आणि हे ऑसिलोस्कोपच्या एफएफटीवर (फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणाऱ्या आलेखावर) पाच मिनिटात कळतं. तिसरी ऑर्डर ॲक्टिव्हमधे फार सोयीची आहे, दुसऱ्या ऑर्डरच्या आधी एक आरसी जोडली की एकाच ऑप-अँपवर होते. फक्त पुढची पायरी त्या आरसीवर लोड टाकते, त्यामुळे तिन्ही कपॅसिटर एकत्र सोडवून काढलेलेच घ्या, पहिल्या ऑर्डरचा एक आणि दुसरीचे दोन असे वेगवेगळे काढून चिकटवू नका. बांधून झाल्यावर फंक्शन जनरेटरने कटऑफच्या दहाव्या हिश्शाला, कटऑफच्या थोडं खाली, कटऑफवर आणि नको असलेली फ्रिक्वेन्सी जिथे आहे नेमकं तिथे, असं चार ठिकाणी आउटपुट मोजा. कटऑफच्या खाली टेकाड दिसलं तर क्यू जास्त झालाय, कपॅसिटर एलसीआर मीटरवर तपासा. लांबच्या फ्रिक्वेन्सीला हिशोबापेक्षा दाब कमी दिसला तर ऑर्डर वाढवून उपयोग नाही, तिथे ऑप-अँप किंवा ग्राउंडचं वायरिंग बघा.